देवानं माफ केलं, आता भावाला कशाला सांगू?

पत्र असं आहे:

"आम्ही दोघे भाऊ, मी थोरला. वडिलांनी सुरू केलेला धंदा आम्ही मिळून चालवायचो. हिशेब माझ्याकडे, बाहेरची धावपळ धाकट्याकडे. एका वाईट काळात मी वेळोवेळी पैसे काढले आणि वह्यांमध्ये ते धाकट्याच्या नावावर उचल म्हणून दाखवले. तूट उघडी पडली तेव्हा तो म्हणत राहिला की एवढे पैसे मी घेतलेच नाहीत, पण वह्या माझ्या हातच्या होत्या. सगळ्यांनी त्याला उधळ्या ठरवलं. मी गप्प बसलो. तो वाटणीसुद्धा न मागता बाहेर पडला. वडील गेले ते 'धाकटा हाताबाहेर गेला' असं म्हणतच. आई अजून अधूनमधून त्याला टोचून बोलते.

काही वर्षांपूर्वी एका उपासनेत मी देवापुढे अगदी कोसळलो. सगळं कबूल केलं, रडलो, आणि खरोखर शांती मिळाली. आता मंडळीत (चर्चमध्ये) सेवा करतो, संडे स्कूलमध्ये शिकवतो. पुतणीच्या शिक्षणाचा खर्चही मीच उचलतो. धाकटा दर वेळी आभार मानतो. पत्नीला सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, देवानं तुमचं पाप समुद्राच्या तळाशी टाकलं, तुम्ही ते वर काढू नका, दोन घरं मोडतील. अभ्यासगटातल्या एका वडीलधाऱ्यांना मी नाव न घेता विचारलं. त्यांनी बायबलमधलं 51वं स्तोत्र दाखवलं: 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं.' म्हणजे विषय देवाचा आणि माझा, आणि तो मिटला. पटतं. पण उपासनेत प्रभुभोजनाच्या विधीची भाकर हातात घेतली की धाकट्याचा चेहरा समोर येतो. माझी क्षमा खोटी आहे का? की सैतान छळतोय? भावाला सांगायलाच हवं का?

एक थोरला भाऊ"

प्रिय बंधू,

आधी उत्तर देतो, मग बाकीचं बोलू. हो, भावाला सांगायला हवं. आणि तुम्हाला मिळालेली क्षमा खोटी नाही. यातलं एकच काहीतरी खरं असणार असं तुम्ही धरून चाललात, म्हणून इतकी वर्षं अडकून पडलात.

सैतानाला यात ओढू नका. कबूल केलेली, निस्तरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळून माणसाला खचवणं हे त्याचं काम, असं आपण शिकवतो ते ठीक आहे. पण तुमची गोष्ट निस्तरलेली कुठंय? अर्पणाच्या वेळी भाऊ आठवणं याबद्दल तर येशूनं आधीच सांगून ठेवलंय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. हे वचन आपल्या इतकं कानावरून गेलेलं असतं की त्यातली गैरसोय लक्षातच येत नाही. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरात. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे काही दिवसांची पायपीट. इतकं चालून गेल्यावर, दान हातात असताना आठवलं, तरी मागे फिर. देवाचं अर्पण थांबेल, भावाचं थांबायचं नाही.

तुम्ही म्हणाल, धाकट्याच्या मनात माझ्याविरुद्ध काहीच नाही, उलट तो आभार मानतो. बंधू, ते त्याच्या मनात नाही, कारण तुम्ही ते त्याला कळूच दिलेलं नाही. ही पळवाट धरू नका.

आता 51वं स्तोत्र. त्या वडीलधाऱ्यांनी चांगल्या मनानंच दाखवलं असेल, पण त्या स्तोत्राच्या मथळ्यात काय आहे ते बघा. दावीद राजा बथशेबा या परस्त्रीकडे गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, तेव्हाचं हे स्तोत्र. तोवर बथशेबेचा नवरा उरीया मेलेला होता. दावीदानंच त्याला लढाईच्या तोंडावर उभं करून मारवलं होतं, आणि तसा हुकूम लिहिलेलं पत्र उरीयाच्याच हाती सेनापतीकडे पाठवलं होतं. ज्याच्यापुढे जाऊन पाय धरायचे तो माणूसच उरला नव्हता. पाप माणसाचं केलं तरी ते शेवटी देवाचा अपराध असतो, एवढं त्या ओळीतून घ्यावं. ज्याचा भाऊ जिवंत आहे, फोन केला तर उचलतो, त्यानं त्या ओळीच्या आड लपू नये. आणि माणूस मेला म्हणून देणं मिटतं असंही शास्त्र मानत नाही. बायबलच्या गणना या पुस्तकात, पाचव्या अध्यायात सांगितलंय की ज्याचं नुकसान केलं तो नसेल आणि घ्यायला कोणी जवळचा नातलगही नसेल, तर भरपाई देवाची, म्हणून याजकाकडे द्यायची. स्वतःकडे ठेवायची मुभा कुठंच नाही.

तुमच्या पत्नीनं मीखा संदेष्ट्याचं वचन सांगितलं, तेही खरं आहे. देव आपली पापं समुद्राच्या डोहात टाकतो. पण टाकलं गेलं ते तुमचं पाप. भावाचे पैसे आणि भावाचं नाव काही समुद्रात गेलेलं नाही, ते अजून तुमच्याकडेच आहे.

इथं क्रमाचा घोळ होतो आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. काहींना वाटतं, आधी सगळं फेडलं, सगळ्यांचे पाय धरले, की मग देव जवळ करेल. प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, म्हणजे रोमकरांना, नेमकं उलटं लिहितो: आपण शत्रू असतानाच देवाशी आपला समेट झाला, तोही त्याच्या पुत्राच्या मरणानं. ज्याचा अपराध झाला तो देव, आणि पुढे आलेलाही देवच. तुम्ही त्या उपासनेत कोसळलात तेव्हा एक पैसाही फेडलेला नव्हता, तरी त्यानं तुम्हाला घेतलं. ते तसंच असतं. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाची गोष्ट तुम्ही मुलांना शिकवत असाल. येशू आधी म्हणाला, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. अटी घातल्या नाहीत, हिशेब मागितला नाही. त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं लबाडीनं घेतलं असेल तर चौपट परत करतो. संडे स्कूलमध्ये आपण त्या झाडावरच फार वेळ रमतो. मुलांनी चौपट ऐकायला हवं.

दुसरी चूक तुमची आहे: देवानं घेतलं, म्हणजे भावाकडे जायची गरज संपली. ही समजूत कुठल्याच परंपरेत बसत नाही. बायबलच्या लेवीय या पुस्तकात, सहाव्या अध्यायात फसवून घेतलेल्या मालाबद्दल नियम आहे: मूळ रक्कम पुरती, वर पाचवा हिस्सा, आणि ती ज्याचा माल त्याला द्यायची, पापाबद्दलचं दोषार्पण आणायच्या त्याच दिवशी. इसवी सन 200च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात म्हटलंय की माणसानं माणसाचा केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवसानंसुद्धा फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. कॅथलिक मंडळीची 1992ची धर्मशिकवण सांगते की धर्मगुरूंनी दिलेली पापमुक्ती पाप दूर करते, पण पापानं केलेली मोडतोड आपोआप भरून निघत नाही, चोरलेलं परत करावं लागतं, गेलेलं नाव सावरावं लागतं. अँग्लिकनांच्या 1662च्या प्रार्थना-पुस्तकात प्रभुभोजनाला येणाऱ्यांना बजावलंय की ज्यांचं नुकसान केलं त्यांची आपल्या ताकदीनं होईल तेवढी भरपाई करायची तयारी ठेवून या. एरवी मंडळ्या कशाकशावरून भांडतात, पण इथं सगळ्यांचं एकमत आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र काढून वाचा, पानभरसुद्धा नाही. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दुरावलेला, पौलाकडे येऊन विश्वासात आलेला. पौल त्याला 'आता तू ख्रिस्तात नवा झालास, जुनं विसर' असं सांगून ठेवून घेत नाही. परत पाठवतो. सोबत पत्र देतो, आणि त्यात लिहितो, यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा याच्याकडे तुझं काही येणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी पौल हे स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन. दुसऱ्याचं देणं स्वतःच्या नावावर. वधस्तंभावर जे झालं ते मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. आणि तुम्ही काय केलंत? स्वतःचं देणं भावाच्या नावावर मांडलंत, तेही स्वतःच्याच हातानं. ती नोंद अजून तशीच आहे. तुम्ही प्रार्थनेत ती देवाला दाखवलीत, देवानं तुम्हाला क्षमा केली, पण घरात, आईच्या डोक्यात, भावाच्या स्वतःच्या मनात ती नोंद जशीच्या तशी आहे. कोण जाणे, इतक्या वर्षांनी त्या बिचाऱ्यालाही वाटत असेल की आपणच कुठं तरी हिशेबात चुकलो. ती नोंद खोडायची आहे, आणि ती तुमच्याशिवाय कोणालाच खोडता येणार नाही.

पुतणीच्या खर्चाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मी तिथंच जास्त थांबलो. याकोबाची गोष्ट आठवा. आंधळ्या बापाला फसवून त्यानं थोरला भाऊ एसाव याचा आशीर्वाद लाटला आणि पळाला. वाटेत बेथेलला देवानं त्याला दर्शन दिलं, मी तुझ्याबरोबर आहे म्हणाला. वीस वर्षं परमुलखात काढून तो परतला तेव्हा समोर एसाव चारशे माणसं घेऊन येत होता. याकोबानं काय केलं? शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई, गाढवं असे कळप वेगवेगळे करून, मध्ये अंतर ठेवून, एकामागून एक पुढे पाठवले. शेळ्या-मेंढ्याच चारशेच्या वर होत्या. आधी भेटींनी त्याला शांत करतो, मग तोंड दाखवतो, असा बेत. भेटल्यावर सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. एसाव मात्र धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. फार सुंदर प्रसंग आहे. पण आदल्या रात्रीची याकोबाची प्रार्थना वाचा, भेटीतलं बोलणं वाचा. 'मी तुला फसवलं' हे वाक्य कुठंच नाही. आणि लगेच पुढे एसाव म्हणतो, चल माझ्याबरोबर, तर याकोब म्हणतो, तुम्ही पुढे व्हा, मी तुमच्या मुलखात, सेईरास, येतोच, आणि स्वतः सुक्कोथला निघून जातो. नंतर दोघे एकत्र दिसतात ते बापाला पुरताना. देवानं तो समेट पदरात घेतला असेलही, पण माझ्या मते तो अर्धाच राहिला, कारण जनावरं बोलली आणि माणूस गप्प राहिला.

पुतणीची फी हे तुमचे कळप आहेत. देता ते वाईट नाही. वाईट हे आहे की ज्याचं घेतलं तोच तुमचे आभार मानतो आणि तुम्ही ते ऐकून घेता. दर वेळी त्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं वाढतं, आणि ते ओझं मुळात त्याच्याच पैशाचं आहे. प्रभुभोजनाच्या वेळी त्याचा चेहरा का येतो हे मला तरी कोडं वाटत नाही.

पत्नीच्या भीतीला हसू नका. घर मोडू शकतं. त्यांना विश्वासात घेऊनच पुढे जा. पण न सांगता घर टिकतं हा भ्रम आहे. याकोबाचा मुलगा योसेफ, त्याला भावांनीच विकलं होतं. त्यानं पुढे मिसरात भावांना ओळख दिली, रडला, पोटाशी धरलं, सगळ्यांना पोसलं. याकोब त्यानंतर मिसरात 17 वर्षं जगला. तो गेला आणि भावांना पुन्हा धडकी भरली की आता योसेफ सूड घेईल. त्या भीतीपोटी त्यांनी पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत योसेफाजवळ क्षमा मागितली. इतकी वर्षं त्याच्या जिवावर जेवत होते, पण मनात ते होतंच. योसेफ ते ऐकून रडला.

आता जायचं कसं. आधी हिशेब काढा. अंदाजानं नको, जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या समोर घेऊन, स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहा: केव्हा, किती, कशासाठी काढले, आणि कोणाच्या नावावर दाखवले. जिथं आठवत नाही तिथं रक्कम स्वतःच्या विरुद्ध जास्त धरा. वर लेवीयचा पाचवा हिस्सा घाला, आणि बाहेर पडताना त्याला मिळायला हवी होती ती वाटणी वेगळी लिहा. खोट्या वह्यांमुळे सरकारदरबारी काही अडचण होऊ शकेल अशी शंका असेल तर आधी वकिलाला विचारा. पळवाट शोधायला नव्हे, भावाला नकळत नव्या लचांडात ओढू नये म्हणून.

मग समोरासमोर जा, एकटे किंवा पत्नीबरोबर. तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या जागी असू दे, म्हणजे राग आला तर उठून जायची पाळी त्याच्यावर येणार नाही. बोलायचं ते आधी लिहून ठेवा, कारण ऐन वेळी जीभ वळणं घेते. 'तुला कधी दुखावलं असेल तर' अशी सुरुवात करू नका. त्या काळात किती वाईट दिवस होते, हेही नको. एवढंच म्हणा: "धंद्यातली ती तूट माझी होती. तुझ्या नावावरच्या उचली मी केल्या होत्या. बाबांना मी खरं सांगितलं नाही. हा हिशेब, आणि हे पैसे मी असे असे परत करणार आहे." मग थांबा. रडू आलं तर आवरा, नाहीतर तोच तुमची समजूत काढत बसेल आणि त्याच्या वाट्याचा राग गिळून टाकेल. क्षमा मागा, पण उत्तर त्याच दिवशी मागू नका.

आणि वचनं सांगू नका. विशेषतः मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला, क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला. त्या चाकराचं राजाला देणं होतं दहा हजार टॅलेंट, ते राजानं माफ केलं, आणि त्याच्या सोबत्याकडे त्याचं येणं शंभर दिनार, ते त्यानं सोडलं नाही. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, तेव्हा पहिली रक्कम मजुराला हजारो जन्मांत फिटणार नाही. पण दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दिनारही तीन महिन्यांच्या वर घाम गाळल्याचे पैसे, कोणी बुडवले तर लागतात. तो दाखला ज्याचे पैसे बुडाले त्यानं स्वतःला सांगायचा असतो. ज्यानं बुडवले त्यानं तो तोंडातून काढू नये. हेच पत्र धाकट्या भावाकडून आलं असतं तर मी त्याला फार वेगळं लिहिलं असतं, आणि घाईनं क्षमा कर असं तर नक्कीच लिहिलं नसतं. तसंच, हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना घरातल्याच कोणी मारहाण केली, छळलं, त्यांनी या पत्रातून 'समेटासाठी मलाच भेटायला गेलं पाहिजे' असा अर्थ काढू नये. मी इथं ज्यानं घेतलं त्याच्याशी बोलतोय.

तो म्हणेल, चालता हो. म्हणू शकतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' अशा दोन पायऱ्या ठेवून मग सगळ्यांशी शांतीनं राहा म्हणतो. त्यालाही ठाऊक होतं की दुसऱ्याच्या मनाची किल्ली आपल्याकडे नसते. सोबती बर्णबाशी, मार्क या तरुण सहकाऱ्यावरून, त्याचं इतकं बिनसलं होतं की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. पुढे पौलाच्याच पत्रात, मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे, असं येतं. मधे बरीच वर्षं गेली. तुम्हालाही वर्षं लागतील. त्या काळात फोनवर फोन करून त्याच्यामागे लागू नका. दोघांच्या विश्वासातला एखादा शहाणा माणूस किंवा पाळक मधे ठेवता आला तर बरं, मात्र धाकट्यानं होकार दिल्यावरच.

पैशांपेक्षा अवघड काम आईकडचं आहे. नाव ज्यांच्यासमोर गेलं त्यांच्यासमोर ते परत द्यावं लागतं. भावाला सांगून झाल्यावर, त्याला विचारून, आईला आणि त्या वेळी घरात जे जे बोलले त्यांना तुम्ही स्वतः सांगा. आई थकलीय, तिला धक्का बसेल, असं कारण मनात तयार असेल. पण आई जाण्याआधी धाकट्याला तिच्या तोंडून एकदा तरी टोचणीवाचून दुसरं काही ऐकू येऊ द्या. वडिलांच्या बाबतीत ती संधी गेली.

प्रभुभोजन सोडू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. पौल म्हणतो, माणसानं स्वतःला पारखावं आणि मग भाकर खावी. पारख झालीय. महिनोन्महिने शिक्षा म्हणून दूर बसू नका, त्यानं भावाला काही मिळत नाही. त्यापेक्षा जायचा दिवस ठरवा आणि पाळकांना एकांतात सांगून ठेवा, म्हणजे ती तारीख पुढे ढकलणं अवघड जाईल. संडे स्कूलचं काय करायचं हेही त्यांनाच ठरवू द्या.

एक राहिलं. भाऊ कितीही रागावला तरी पुतणीची फी थांबवू नका. तिनं काही केलेलं नाही. आजवर दिलेली रक्कम हिशेबातून वजा करायची की नाही, हे मात्र तुम्ही ठरवू नका. कागदावर ती वेगळी लिहा आणि समोरची जागा भावासाठी कोरी सोडा.